जाळीपलीकडचा पोल

"म्याडम, हे काढा. आधी हे काढा."

बाबरदादांनी हे इतक्या हळू आवाजात म्हटलं की मला वाटलं, हेडसेटचा पट्टा टोचत असेल. ते प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये मधोमध, सतरंजीवर उभे होते. पाय जमिनीवर, आजूबाजूला मोकळी जागा, पडायला काही नाही आणि पडले तरी लागायला काही नाही. पण डोळ्यांवरच्या हेडसेटमध्ये ते विजेच्या पोलावर होते, जमिनीपासून बरेच वर, आणि त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. मी पट्टा सैल करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट जे धरलं ते सोडेचनात.

मग त्यांनी स्वतःच हेडसेट काढला. दुसऱ्या कुणी तो भिरकावला असता. त्यांनी डोळे मिटूनच त्याची केबल धरली आणि या हातातून त्या हातात सोडत हेडसेट अलगद सतरंजीवर उतरवला. तो खाली टेकल्याचं कळलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"वरनं काय बी टाकायचं न्हाय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "दोरीनं सोडायचं."

केंद्राचे मुख्य प्रशिक्षक इंगवले सर दारात उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"झालं," ते म्हणाले. "यंत्र सुधारलं आन माणूस बिघडला."

मला ते फार लागलं. कारण यंत्र मी सुधारलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हाचे हेडसेट आज कुणी फुकटही घेणार नाही. आमची कंपनी पुण्यात होती. कंपनी म्हणजे भोसरीतला एक गाळा, सहा-सात माणसं आणि एक कायम बिघडलेला एसी. कऱ्हाडजवळच्या एका केंद्रात नवे वायरमन तयार होत, त्यांच्यासाठी आम्ही हेडसेट बनवले होते. खऱ्या पोलावर चढण्याआधी पोरांनी खोट्या पोलावर चढून बघावं, चुकायचं ते तिथे चुकावं, अशी कल्पना. दोन्ही हातांत एकेक दांडी धरायची, हवेत हात मारत वर गेल्यासारखं करायचं, की समोरचा पोल खाली सरकत जाई.

सगळं छान होतं, फक्त जाळी होती. हेडसेटच्या आतला पडदा म्हणजे उजेडाचे बारीक बारीक ठिपके, आणि दोन ठिपक्यांमध्ये अंधाराची एक पट्टी. मोबाइलवर ती दिसत नाही. पण हेडसेटमध्ये पडदा डोळ्यांना जवळजवळ चिकटलेला, वर त्याला मोठं करून दाखवणारं भिंग. त्यामुळे अख्खं जग खिडकीला मच्छरांची जाळी बसवून बघितल्यासारखं दिसायचं. लांबची तार त्या जाळीत तुटक तुटक व्हायची. आणि चिनीमातीच्या इन्सुलेटरला पडलेली केसाएवढी चीर, जी ओळखणं हा अर्धा धंदा, ती तर दिसायचीच नाही.

"चीरच दिसत न्हाय तर पोरं काय डोंबल शिकणार?" इंगवले सरांनी फोनवर विचारलं होतं.

ते काम माझ्याकडे आलं. उपाय ऐकायला सोपा होता. पडद्यावर अशी एक पातळ फिल्म बसवायची, जी प्रत्येक ठिपक्याचा उजेड थोडासा पसरवेल आणि मधली काळी पट्टी भरून काढेल. उजेड कमी पसरला तर जाळी राहते, जास्त पसरला तर सगळंच धुकट होतं. नेमकी फिल्म सापडेपर्यंत मी किती नमुने कापले, बसवले आणि उचकटले त्याचा हिशोब नाही. फिल्मखाली धुळीचा एक कण गेला तरी हेडसेटमध्ये तो लिंबाएवढा दिसतो, म्हणून मी गाळ्यातला पंखासुद्धा लावू द्यायचे नाही. सगळे मला जाळीवाली म्हणत. घरी आईने खिडकीला नवी जाळी बसवली तर मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते, इतका मला त्या प्रकाराचा राग होता. मी हट्टी आहे, हे मला मान्य आहे. हट्टी माणसांचीच कामं असतात ही.

अखेर ती फिल्म सापडली. तार सलग दिसली, चीर दिसली. मी तो हेडसेट मांडीवर घेऊन कऱ्हाडला गेले. नव्या पोरांनी तो घातला आणि हॉलभर "आयला!" झालं. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि मग बाबरदादांनी तो घातला.

हणमंत बाबर हे काही शिकाऊ नव्हते. वीसेक वर्षं लाईनवर काम केलेला माणूस. आदल्या वर्षी त्यांचा जोडीदार दत्तू पोलावरून पडला. दोघं एकाच पोलावर होते. दत्तूचा पाय निसटला, बाबरदादांनी हात टाकला, शर्टाची कॉलर हातात आली आणि तेवढीच हातात राहिली. दत्तू वाचला, लंगडतो, पण वाचला. बाबरदादा मात्र त्यानंतर पोलाखाली जाऊन उभे राहायचे, कमरेला पट्टा बांधायचे आणि पाय उचलायचा नाही. त्यांना तात्पुरतं स्टोअरमध्ये बसवलं होतं. इंगवले सरांचा हा जुना दोस्त. सरांनी कुणाला न विचारता त्यांना आमच्या जुन्या, जाळीवाल्या हेडसेटवर चढवून बघितलं, आणि काय आश्चर्य, ते चढले. रोज दुपारी येऊन चढू लागले. वर बसून शिकाऊ पोरांना नावं ठेवू लागले. आता थोड्याच दिवसांत खऱ्या पोलावर, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. महिनाअखेर वरच्या कार्यालयातून परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर बाबरदादा चढले तर पुन्हा लाईनवर, नाही तर कायमचे स्टोअरमध्ये.

माझ्या हेडसेटने तो माणूस एका दुपारात होता तिथे परत आणून ठेवला.

आधी मी यंत्रातच दोष शोधला. चित्र मान वळवण्याच्या मागे राहतंय का, भिंगांमधलं अंतर चुकलंय का, फिल्म उलटी तर बसली नाही. सगळं ठीक होतं. मी पुण्याला निरंजनला फोन केला. निरंजन म्हणजे आमचा मालक, गाळ्यातला एकमेव माणूस ज्याला इस्त्रीचे शर्ट होते.

"पोरांना आवडला ना?" त्याने विचारलं.

"आवडला. पण बाबरदादा..."

"अगं, आपण हेडसेट शिकाऊ लोकांसाठी केलाय. एका माणसाला भीती वाटली म्हणजे उलट आपलं काम चांगलं झालं. इतकं खरं वाटतंय! तू निघून ये."

"तो माणूस आधी चढत होता, निरंजन."

"मग त्याला जुनाच दे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी मला ते पटेना. जुन्या हेडसेटवर ते चढतात आणि नव्यावर नाही, यात काहीतरी आहे असं वाटत राहिलं. मी दोन-चार दिवस राहते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबरदादा कँटीनमध्ये चहा पीत बसलेले सापडले. मी समोर बसले. काय विचारावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, "रागावलात का माझ्यावर?"

"तुमच्यावर का रागवू? तुमी चांगलंच केलंय. तार बघा की कशी लख्ख दिसत हुती." त्यांनी बशीत चहा ओतला. "लईच लख्ख."

"मग झालं काय?"

कँटीनच्या खिडकीला जाळी होती आणि बाहेर सरावाच्या मैदानातले पोल दिसत होते. त्यांनी बोटाने त्या जाळीवर टिचकी मारली.

"आता हितनं त्यो पोल बघा. दिसतोय?"

"दिसतोय."

"भ्या वाटतंय?"

"नाही."

"का वाटंल? तुमी घरात हाय, पोल भाईर हाय. मधी जाळी हाय." त्यांनी बशी तोंडाला लावली, रिकामी केली. "त्या जुन्या यंत्रात तसंच हुतं बघा. वर गेलो, खाली बघितलं, गरगरायला लागलं की मी जाळीकडं बघायचो. जाळी दिसली की कळायचं, बाबर, तू घरात हायस. खिडकीतनं बघतुयास. मंग पुढचा हात टाकायचो. काल जाळीच न्हाय. म्या धुंडली की. डोळं फाडून धुंडली. सगळं आभाळच आभाळ, आन मी भाईर."

मी खिडकीकडे बघत राहिले. दोन वर्षं मी ज्या गोष्टीच्या मागे हात धुऊन लागले होते, ती हा माणूस धरायला शोधत होता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. जाळीवर असं कुणी प्रेम करू शकेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"जुना देऊ परत?" मी विचारलं.

"त्यो देऊन काय उपेग? खऱ्या पोलाला कुठं जाळी असती?" ते हसले, पण हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "म्याडम, आमच्या गावात लाईट गेली की अजून लोक माझ्याच दारात येत्यात. बाबर, लाईट गेली. म्या म्हणतो, आफिसात फोन करा. मंग त्ये जात न्हाईत, उभं ऱ्हात्यात जरा वेळ. त्ये उभं ऱ्हायल्यालं लई वंगाळ वाटतं."

त्या संध्याकाळी मी माझी बॅग उपसली. तळाशी टाकाऊ फिल्मचा गठ्ठा होता. फेकायच्या म्हणून ठेवलेल्या आणि माझ्या स्वभावाप्रमाणे न फेकलेल्या. काहींनी जाळी जेमतेम पुसट व्हायची, काहींनी अर्धी जायची, काहींनी जवळजवळ सगळी. मी त्या चढत्या क्रमाने टेबलावर मांडल्या. इंगवले सर येऊन बघून गेले.

"हे काय पापड वाळत घातलेत?"

"पायऱ्या आहेत सर. जाळी एकदम काढायची नाही. थोडी थोडी काढायची."

त्यांनी एक फिल्म उजेडापुढे धरली. "त्याला सांगणार?"

"सांगणार. डोळ्यांवर बसवायचं आणि सांगायचं नाही, हे बरं नाही."

"मंग करा," ते म्हणाले आणि माझ्यासाठी हॉलचा पंखा स्वतः बंद करून गेले.

निरंजनला महिनाअखेरपर्यंत थांबते असं कळवलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मी स्क्रू काढायचे, चिमट्याने फिल्म बदलायचे, फुंकणीने धूळ उडवायचे. बाबरदादा शेजारी स्टुलावर बसून बघायचे. "आज कितवी?" असं विचारायचे नाहीत, "आज जाळी किती हाय?" असं विचारायचे. मी सांगायचे, कालच्यापेक्षा थोडी कमी. मग ते उभे राहायचे आणि चढायचे.

कधी अर्ध्यावरून परत यायचे. कधी वर पोचून एक हात पोलाला घट्ट धरून बसायचे. "भ्यालेला गडी वळखायचा कसा?" इंगवले सर माझ्या कानाशी म्हणायचे. "एका हातानं काम करतो. दुसरा हात पोल सोडत न्हाय." हेडसेटमधल्या त्या हवेतल्या पोलाला बाबरदादांचा डावा हात असा पकडून असायचा की बघून माझीच मूठ आवळायची. हळूहळू मात्र ते वर थांबू लागले. एके दिवशी त्यांनी वरूनच एका पोराची टवाळी केली आणि मला इतका आनंद झाला की मी त्या पोरालाच चहा पाजला.

पण शेवटची फिल्म राहिली. माझी, नेमकी सापडलेली, जी सापडल्यावर मी गाळ्यात एकटीच नाचले होते. तिच्या आधीच्या फिल्मपर्यंत ते आले. तिथे बारकाईने बघितलं तर कोपऱ्यात जाळीचा पुसट मागमूस दिसायचा, आणि बाबरदादा तो शोधून काढायचे. शेवटची घातली की पुन्हा तेच. मनगट, घाम आणि केबलने अलगद उतरवलेला हेडसेट. तीनदा प्रयत्न केला. तोवर परीक्षेचा दिवस आला.

"न्हाय जमलं तर न्हाय," आदल्या दिवशी मी सामान आवरत असताना ते म्हणाले. "तुमी लई केलंत."

"उद्या मी थांबणार आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी मैदानावर परीक्षक आले होते. टापटीप, कमी बोलणारे गृहस्थ. वाईट नव्हते, फक्त घाईत होते. परीक्षा त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. पोलाच्या वरच्या आडव्या दांडीवर तीन इन्सुलेटर आहेत. त्यांतल्या एकाला चीर आहे. वर जाऊन तो ओळखायचा, खालून दोरीने नवा मागवायचा, बदलायचा आणि उतरायचं. लाईनमध्ये अर्थातच वीज नव्हती.

बाबरदादा आले. त्यांच्या हेल्मेटच्या पुढच्या काठाला खिडकीच्या जाळीचा एक तुकडा बांधला होता. हिरवा, प्लास्टिकचा, नाकापर्यंत आलेला. कडेने नीट दुमडून शिवलेला. घरात कुणीतरी बसून शिवला असणार.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"चिलटं लई झाल्यात साहेब," बाबरदादा म्हणाले. "उसाची. डोळ्यात जात्यात."

मैदानावर एकही चिलट नव्हतं. परीक्षकांनी इंगवले सरांकडे पाहिलं. सर गंभीर चेहरा करून म्हणाले, "यंदा फारच झालीत साहेब," आणि स्वतःच्या डोळ्यासमोरून हात फिरवला.

मला हसायला हवं होतं, पण रडायला येत होतं. एवढ्या फिल्म बदलून शेवटी आम्ही इथेच आलो होतो. आणि त्यापुढची गोष्ट मला एकटीलाच दिसत होती. त्या जाळीतून ते चढतीलही. पण केसाएवढी चीर जाळीतून दिसत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझं सगळं काम तिथूनच सुरू झालं होतं.

ते चढले. पट्टा बांधला, कॅनव्हासची पिशवी आणि दोरी खांद्याला अडकवली आणि पहिला पाय उचलला. आदल्या वर्षानंतर खऱ्या पोलावर पहिल्यांदाच. मध्ये एकदा ते थांबले. हेल्मेट थोडं हललं. जाळीकडे बघत असतील, मी मनात म्हटलं, बघा, आहे तिथेच आहे. मग पुढचा हात पडला.

वर पोचले. पट्टा दांडीला अडकवला. डावा हात पोलाला घट्ट होता. मान एका इन्सुलेटरकडून दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली, परत पहिल्याकडे आली. वेळ जात होता. परीक्षकांनी घड्याळ बघितलं.

"दिसत नाही का त्यांना?" ते म्हणाले.

वर बाबरदादांचं डोकं पोलाला टेकलं होतं. ते तसेच राहिले. माझ्या मनगटावर अजून त्यांच्या बोटांची पकड असल्यासारखं वाटत होतं.

आणि मग दोरी हलली. कॅनव्हासची पिशवी खाली येऊ लागली. सावकाश, थोडी थोडी, नेहमीच्या रीतीने.

इंगवले सरांनी मान खाली घातली. "पिशवी सोडली," ते म्हणाले. "संपलं काम. उतरतोय." काहीच न मागता पिशवी खाली सोडली, म्हणजे माणूस उतरणार, एवढं मला आता कळत होतं. परीक्षकांनी पेन खिशाला लावलं.

पिशवी माझ्यासमोर येऊन टेकली. मी ती उघडली, कारण कुणीतरी उघडायला हवी होती. आत पाना नव्हता, पकड नव्हती. हिरव्या जाळीचा शिवलेला तुकडा होता, नीट घडी घातलेला.

"मधला!" वरून आवाज आला. मोठा, खणखणीत, आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा. "चीर मधल्याला हाय! नवा पाठवा वर!"

मी वर बघितलं. बाबरदादा पट्ट्यावर मागे रेलले होते आणि दोरी ओढायला दोन्ही हात पुढे केले होते. मी जाळी काढून घेतली, नवा इन्सुलेटर पिशवीत ठेवला आणि पिशवी सोडली.